टाचणी आणि थोरले

"टाचणी थोरल्यांच्या तोडीची आहे," असं मी जेवता जेवता म्हटलं आणि वन्संच्या हातातला चमचा ताटात पडला.

थोरले म्हणजे कोण ते आधी सांगते. आमच्या वाचनालयात त्या मोठ्या कादंबरीकाराचं नाव कुणी घेत नाही. नुसतं थोरले म्हणतात, घरातल्या वडीलधाऱ्यांबद्दल बोलावं तसं. दालनात त्यांचा फोटो आहे आणि फोटोत निम्म्याहून जास्त मिशाच आहेत. टाचणी म्हणजे मोबाइलवर गोष्ट लिहिणारी कुणीतरी. तिचं ना खरं नाव माहीत, ना फोटो, ना छापलेलं एखादं पुस्तक. दर शुक्रवारी एक प्रकरण टाकायची, बस्स. आणि वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची मोठी बहीण. लग्न केलं नाही, राहतात आमच्याकडेच, आणि वाचनालयाच्या ग्रंथपाल आहेत. त्याच वाचनालयाच्या मागच्या खोलीत मी फाटलेली पुस्तकं बांधते. म्हणजे घरी नणंद आणि कामावर साहेब, दोन्ही एकाच बाईच्या रूपात. अशी दुहेरी शिवण सगळ्यांच्या नशिबात नसते.

"काय म्हणालीस?" वन्संनी विचारलं.

"थोरल्यांच्या तोडीची. एखाद्या बाबतीत काकणभर सरसच."

"मोबाइलवर अंगठ्याने टाइप करणारी बाई?"

"थोरले काय पायाने लिहायचे?"

आमचे हे खाली मान घालून जेवत होते. बहीण आणि बायको यांच्यामध्ये बसायची त्यांना इतकी वर्षं सवय झाली आहे की आमचा आवाज चढला की त्यांची भूक वाढते. "ताई, भाजी छान झालीय," ते म्हणाले. भाजी मी केली होती.

हे भांडण काही त्या दिवशी सुरू झालं नव्हतं. टाचणीची 'सामानघर' ही कादंबरी यायला लागली तेव्हापासून, म्हणजे वर्षभर, आमच्यात हेच चाललं होतं. मी शुक्रवारी प्रकरण वाचायचे आणि शनिवारी वन्संना ऐकवायचे. त्या नाक मुरडायच्या. "पाल्हाळ," म्हणायच्या. "वाक्यं तोकडी आहेत." "ही काय नायिका? दिवसभर खिडकीत बसून छत्र्या परत करते." मग मी पुराव्यासकट सुटायचे. मला डिवचलं की मी आवरत नाही, हा माझा स्वभाव आहे आणि तो बदलायचा माझा विचारही नाही.

नायिका खरंच खिडकीत बसून छत्र्या परत करायची. मोठ्या स्टेशनात गाडीत विसरलेलं सामान जिथे जमा होतं त्या खोलीतली ती कारकून. लोक येतात, काठ्या मागतात, बॅगा मागतात, एक गृहस्थ तर कवळी मागायला आले होते. ती प्रत्येकाला एकच वाक्य म्हणते: "खूण सांगा." खूण पटली की वस्तू देते, आणि वस्तूबरोबर माणसाची सगळी कहाणी आपल्याला कळते. कोपऱ्यात एक पत्र्याची पेटी आहे. ती मागायला कुणीच येत नाही. या पेटीवरून मी रोज आमच्या ह्यांचं डोकं खात होते.

आता तोडीचं म्हणाल तर मी उगाच बोलत नाही. थोरले मी वाचलेत, आणि नुसते वाचले नाहीत, बांधलेतही. थोरल्यांचा म्हातारा मरतो तेव्हा सगळं गाव मेल्यासारखं वाटतं, आणि ते वाचून मी पुस्तकं चिकटवायच्या खळीच्या डब्यात अश्रू गाळले आहेत. ते मोठेच. पण त्यांची नायिका दार उघडायला निघाली की आधी दाराचं लाकूड कुठल्या जंगलातलं ते कळतं, मग त्या जंगलाचा मालक कोण होता ते, आणि दार उघडेपर्यंत बाहेरचा पाहुणा कंटाळून घरी गेलेला असतो. टाचणीचं दार अर्ध्या ओळीत उघडतं. थोरल्यांच्या नंतरचे ते दुसरे, ज्यांना आम्ही रडवे म्हणतो, त्यांची तर गोष्टच सोडा. त्यांची नायिका दुसऱ्या प्रकरणात खोकली की समजावं, ही काही शेवटपर्यंत टिकत नाही. टाचणीच्या कादंबरीत कुणी खोकलं तर त्याला सर्दी झालेली असते.

हे सगळं मी वन्संना जेवताना, भांडी आवरताना, वाचनालयाच्या वाटेवर चालताना सांगितलं होतं. शिवाय टाचणीच्या प्रत्येक प्रकरणाखाली 'खळवाली' या नावाने लांबलचक अभिप्राय लिहायचे तो वेगळाच. फक्त थोरल्यांशी बरोबरी त्या दिवशी पहिल्यांदा बोलून दाखवली. वन्संनी चमचा उचलला, पुसला आणि म्हणाल्या, "तोडीची म्हणजे अगदी तोडीची?"

"त्यांच्या शेजारी बसवावी अशी. काचेच्या कपाटात."

वन्सं ताट उचलून उठल्या. त्यांची बोलती बंद केली म्हणून मला त्या दिवशी आभाळ ठेंगणं झालं होतं.

काचेचं कपाट हा आमच्या वाचनालयाचा मान आहे. ज्यांनी वाचनालय काढलं त्यांनी नियम घालून ठेवला: पुस्तक किती विकलं, कुणी वाखाणलं, याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही. जे पुस्तक लोकांनी वाचून वाचून फाडलं, आणि तीनदा शिवावं लागलं, ते काचेच्या कपाटात जाईल. थोरले तिथे आहेत. रडवेही आहेत, लोकांना रडायला आवडतं त्याला कोण काय करणार. म्हणजे आमच्याकडे मोठेपणाचा निवाडा होतो तो माझ्या सुईदोऱ्यावर. हे मी मिरवत नाही असं मुळीच नाही.

त्या शुक्रवारी प्रकरण आलं आणि ते असं होतं की मी पाण्याची बाटली गॅसवर ठेवायचीच काय ती बाकी राहिली. नायिकेकडे पावसात भिजलेलं एक पुस्तक येतं, ती ते पानापानाने वाळवते. मग एक जुना कोट येतो, त्याच्या खिशात किल्ली. ती किल्ली पत्र्याच्या पेटीला लागते. ती कुलपात किल्ली घालते, आणि प्रकरण संपतं.

पुढच्या शुक्रवारी प्रकरणाच्या जागी एकच ओळ होती: "पुढचं प्रकरण येणार नाही. माफ करा."

मी ती ओळ आमच्या ह्यांना मोठ्याने वाचून दाखवली. मग फोनवर ओरडले. फोनला काही वाटलं नाही. एखाद्याने दार अर्धं उघडावं आणि तसंच सोडून निघून जावं, याला काय म्हणायचं? मी खाली अभिप्राय लिहायला बसले आणि मनात होतं नव्हतं ते सगळं ओतलं. तुम्ही थोरल्यांच्या पंक्तीला बसता, तुमच्यासमोर रडवे म्हणजे किस झाड की पत्ती, तुम्ही शेवट केलात की लोक तुमचंच नाव घेतील. पुढच्या आठवड्यात आणखी लिहिलं. उत्तर नाही. जितकं मी चढवत होते तितकी टाचणी गप्प.

"असेल काही अडचण तिची," वन्सं म्हणाल्या.

"अडचण? किल्ली कुलपात आहे, वन्सं! फिरवायला असा किती वेळ लागतो?"

"ज्याला फिरवायची त्याला विचार," असं म्हणून त्या वाचनालयात निघून गेल्या. तशाही त्या रोज सकाळी लवकर जायच्या, दालन उघडण्याच्या बऱ्याच आधी. शांतपणे नोंदी करता येतात म्हणायच्या.

टाचणी थांबली तरी तिचे वाचक थांबले नाहीत. जास्तच पेटले. ज्यांच्या म्हाताऱ्या आईवडिलांना मोबाइलवर वाचता येत नव्हतं त्यांनी प्रकरणं छापून घेतली होती, आणि त्या कागदांचे गठ्ठे हातोहात फिरत होते. सगळ्यात जास्त फिरलेली प्रत इस्पितळातल्या नर्सबाईंची. त्या ती वॉर्डात वाचून दाखवायच्या. औषधाचे डाग, चहाचे गोल, कडेला कुणाच्या तरी नखाने ओढलेल्या रेघा. कागद सुटे व्हायला लागले तेव्हा त्या माझ्याकडे घेऊन आल्या आणि मी शिवून दिले. काही दिवसांनी पुन्हा फाटली, पुन्हा शिवली. मग त्या तिसऱ्यांदा आल्या. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

मी सुई खाली ठेवली आणि तडक समितीची बैठक चालली होती त्या खोलीत गेले. समितीचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर आहेत. "नियमाने हे पुस्तक कपाटात जायला हवं," मी म्हणाले. "तिसरी शिवण मीच घालतेय."

डॉक्टर हसले. "अहो बाइंडरबाई, हे मोबाइलवरचं लिखाण म्हणजे दुधाचे दात. आपोआप पडून जातात. त्यांची काळजी करायची नसते."

"दुधाचे दात नसतील तर पुढचे येतील कुठून?"

"दातांचं तुम्ही मला शिकवू नका."

"मग शिवणीचं तुम्ही मला शिकवू नका."

वन्सं टेबलाच्या टोकाला बसल्या होत्या. मला वाटलं, निदान नियमाच्या बाजूने तरी बोलतील, नियम म्हणजे त्यांचा श्वास. पण त्या इतक्या जोरात "नाही" म्हणाल्या की डॉक्टरसुद्धा दचकले. "अर्धवट पुस्तक कपाटात जात नाही. शेवट नाही तर पुस्तक नाही."

"आणि शेवट आला तर?"

"तर तेव्हा बघू," त्या म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघत बसल्या. मी पाय आपटत परत आले. माझा नुसता तिळपापड झाला होता.

नर्सबाई माझ्या खोलीत स्टुलावर थांबल्या होत्या. माझं तोंड बघून त्यांनी विषय बदलला. "बाइंडरबाई, एक विचारायचं होतं. वॉर्डात एक आजोबा आहेत, त्यांनी मला अडवलं. ते भिजलेल्या पुस्तकाचं आहे ना, त्यात लिहिलंय, 'ओलं पुस्तक तिनं वजनाखाली निजवलं आणि म्हणाली, याला आता कुणी उठवायचं नाही.' पुस्तक निजवतात म्हणजे काय हो?"

"अहो, म्हणजे दाबात ठेवतात," मी दोरा ओवत म्हणाले. "खळ ओली असेपर्यंत पुस्तक हलवलं तर वाकडं वाळतं. बाकीचे बाइंडर दाबात ठेवलं म्हणतात. लग्नानंतर इथे काम शिकत होते तेव्हा घरी सांगताना मला तो शब्द आठवेचना, तर मी म्हणाले, निजवलं. सगळे हसले. तेव्हापासून आमच्या घरात..."

दोरा सुईतून निसटला.

आमच्या घरात. तो शब्द माझ्या चुकीतून जन्मला होता आणि आमच्या घराबाहेर कुणाला माहीत असायचं कारणच नव्हतं. मी ते वाक्य शुक्रवारी वाचलं होतं, शनिवारी वाचलं होतं, आणि मला काहीच वाटलं नव्हतं, कारण माझ्यासाठी पुस्तकं निजतातच. निजवणारी मी. राहिले दोघं.

पहिल्यांदा मी आमच्या ह्यांचा विचार केला, हे कबूल. ते चष्म्याच्या दुकानात काचा घासतात. लग्नाआधी त्यांनी मला एकच पत्र लिहिलं होतं आणि त्यात हवामान होतं. तेव्हा तो विचार आला तसाच गेला.

मी पुढच्या दालनात गेले. वन्सं बैठकीतून येऊन नव्या पुस्तकांवर शिक्के मारत होत्या. खांद्याशी नेहमीप्रमाणे टाचण्या खोचलेल्या. सुटे कागद त्या कधी स्टेपल करत नाहीत. स्टेपलने कागद दुखावतो, टाचणी काढता येते, असं इतकी वर्षं त्या मला सांगत आल्या आहेत. टाचणी! माझ्या नाकासमोर, खांद्यावर रांगेत लावलेली! मी कपाळाला हात लावला.

"वन्सं, जरा मागे या."

त्या आल्या. नर्सबाईंना मी दालनात बसवलं आणि दार लोटून घेतलं.

"पेटीत काय आहे?" मी विचारलं.

"कसली पेटी?"

"वन्सं, पेटीत काय आहे?"

त्यांच्या हातात अजून शिक्का होता. तो त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला, मग उचलला, मग पुन्हा ठेवला. माझ्या कोऱ्या पुठ्ठ्यावर वाचनालयाचं नाव दोनदा उमटलं. "मला माहीत असतं तर लिहिलं नसतं का?" त्या म्हणाल्या.

आनंद व्हायला हवा होता ना? मला आधी राग आला. "वर्षभर!" मी म्हणाले. "वर्षभर माझ्याशी भांडलात! पाल्हाळ म्हणालात, तोकडी वाक्यं म्हणालात! स्वतःच्याच विरुद्ध!"

"भांडले नसते तर तू बोलायची थांबली असतीस," वन्सं खालमानेने म्हणाल्या. "मी होय म्हटलं असतं तर तू 'छान आहे ना?' म्हणून भाजी चिरायला घेतली असतीस. मी नाही म्हटलं की तू एकेक वाक्य घेऊन सांगायचीस, हे का चांगलं, ते का चांगलं. मला ते ऐकायला मिळायचं. दुसरीकडे कुठे मिळणार होतं?"

मी स्टुलावर बसले. मला हसू यायला लागलं आणि डोळ्यांतून पाणीही. आमच्या घरातल्या सगळ्यात कडक बाईने स्तुती ऐकण्यासाठी वर्षभर माझ्याकडून शिव्या खाल्ल्या होत्या.

"मग थांबलात का?"

"तू थांबवलंस."

"मी?"

"तोडीची म्हणालीस. त्यांच्या शेजारी बसवायची म्हणालीस. तोपर्यंत मी सकाळी इथे येऊन आपली लिहीत होते, कुणी बघत नव्हतं. त्या दिवसानंतर कागद पुढे ओढला की समोर थोरले येऊन बसतात. मिशांसकट. एक वाक्य लिहिलं की मला वाटतं, हे त्यांच्या शेजारी शोभेल का? खोडते. शेवट म्हणजे तर... शेवट त्यांच्यासारखा हवा ना? आणि तू वर लांबलचक अभिप्राय लिहीत राहिलीस. प्रत्येक अभिप्रायाला मिशा वाढत गेल्या."

म्हणजे किल्ली कुलपात अडकली होती ती माझ्या स्तुतीमुळे. माझ्या लाडक्या लेखिकेचा हात मीच धरून ठेवला होता. वाईट वाटलं, फार वाटलं. पण मी वाईट वाटून घेऊन गप्प बसणाऱ्यांतली नाही.

"चावी द्या," मी म्हणाले.

"कसली?"

"कपाटाची."

मी काचेचं कपाट उघडलं, थोरल्यांची सगळ्यात गाजलेली कादंबरी काढली आणि मागच्या खोलीत आणून वन्संसमोर उभी धरली, तिन्ही कडा दिसतील अशी. "पानांची कड बघा. वाचू नका, नुसतं बघा."

वन्संनी चष्मा लावला. पुस्तकाची कड सुरुवातीपासून काळपट होती, इतक्या हातांनी उलटलेली. मध्यापर्यंत काळी. नायिकेचं लग्न होतं तिथे सगळ्यात काळी. आणि शेवटी, जाडजूड शेवटचा भाग, पांढराशुभ्र. नुकताच छापल्यासारखा.

"हे काय?"

"हा थोरल्यांचा शेवट. लग्नानंतर त्यांनी उपदेश सुरू केला आणि लोक उठून गेले. मी हे पुस्तक तीनदा शिवलंय वन्सं, पण शेवटच्या फर्म्याला, म्हणजे पानांच्या जुडीला, कधी नवा दोरासुद्धा लागला नाही. लोक थोरल्यांवर जीव टाकतात, मीही टाकते, पण त्यांचा शेवट कुणी वाचत नाही. नाही जमला त्यांना! तरीही ते थोरलेच आहेत."

वन्संनी पुस्तक हातात घेतलं. पांढऱ्या पानांवरून बोट फिरवलं. ग्रंथपाल म्हणून आयुष्य गेलं, पण त्या पुस्तकं कण्याच्या बाजूने बघणाऱ्या, मी कडेच्या बाजूने. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, ज्याचं त्याचं काम.

"तू वाचलास का शेवट?" त्यांनी विचारलं.

"एकदा. झोप लागली."

त्या हसल्या. आधी नाकातल्या नाकात, मग चांगल्या मोठ्याने, शेवटी चष्मा काढून डोळे पुसायला लागल्या. मग मी नर्सबाईंची प्रत त्यांच्यासमोर ठेवली. "आता हे बघा. तुमचं."

ती प्रत उलट होती. सुरुवात मळलेली, मध्य मळलेला, पण सगळ्यात काळं होतं ते शेवटचं पान. किल्लीचं पान. तिथे इतके अंगठे उमटले होते की कोपऱ्यातली अक्षरं पुसट झाली होती. "इथे येऊन लोक थांबलेत," मी म्हणाले. "परत मागे गेलेत, परत आलेत. एक आजोबा तर एकेका शब्दाला अडून बसलेत. यांना थोरल्यांसारखा शेवट नकोय. थोरल्यांचा त्यांनी तसाच सोडून दिलाय! यांना तुमचा हवाय. वाईट असला तरी चालेल."

वन्संनी त्या काळ्या कोपऱ्यावर आपला अंगठा ठेवला. मग उठल्या, खांद्यावरची एक टाचणी काढली आणि माझ्या टेबलावरचे कोरे कागद तिने एकत्र टाचले. "आज जेवायला माझी वाट बघू नका," म्हणाल्या.

शुक्रवारी प्रकरण आलं.

मी ते कामावर वाचलं, दार लावून. नायिका किल्ली फिरवणार एवढ्यात खिडकीवर टकटक होते. बाहेर एक थकलेली बाई उभी आहे. म्हणते, माझी पेटी हरवली होती, फार वर्षं झाली, आता मला तिचा रंगही आठवत नाही. कादंबरीभर ती खिडकीवाली प्रत्येकाला खूण विचारत आली. या बाईला ती खूण विचारत नाही. "आत या," म्हणते. आणि दार उघडते, अर्ध्या ओळीत. संपलं. पेटीत काय होतं ते कळलंच नाही, आणि खरं सांगते, मला विचारायचं आठवलंही नाही. मी रडले, पण ते रडव्यांना वाचून रडतात तसलं रडणं नव्हतं. थोरल्यांना हे जमलं नसतं. आता म्हणेनच, सतरा वेळा म्हणेन.

वन्संनी मला बजावलं होतं, कुणाला सांगायचं नाही. मी तोंडाला कुलूप घातलं, जे मला किती जड गेलं ते आमच्या ह्यांना विचारा. पण पुढच्या बैठकीत नर्सबाई शेवटची पानं जोडलेली प्रत घेऊन आल्या, त्यांच्या पाठोपाठ औषधाच्या दुकानातले, पोस्टातले, कोण कोण आपापले गठ्ठे घेऊन आले, आणि खोलीत उभं राहायला जागा उरली नाही. डॉक्टर म्हणाले, "मीही वाचली हो. पेशंट तोंड उघडून बसला होता आणि मी वाचत होतो." मग त्यांनी मत मागितलं.

तेव्हा वन्सं उभ्या राहिल्या. "मला मत देता येणार नाही," त्या म्हणाल्या. "कादंबरी माझी आहे."

मग नर्सबाईंनी टाळी वाजवली, आणि मग असा गलका झाला की दालनात वाचत बसलेले लोक काय झालं म्हणून धावत आले. डॉक्टर खुर्चीवरून उठले आणि वन्संसमोर हात जोडले. "दुधाचे दात म्हणालो होतो. ही तर अक्कलदाढ निघाली."

"अक्कलदाढ उशिराच येते, डॉक्टर," मी मागून ओरडले. "आणि येताना दुखते!"

आमचे हे दुकान अर्ध्यावर टाकून आले होते, कारण मी फोनवर फक्त "या" म्हटलं होतं. ते गर्दीतून वन्संपर्यंत पोचले आणि म्हणाले, "ताई, तू?" एवढंच. पण आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्या आवाजात हवामान सोडून काहीतरी ऐकलं.

मग मी नर्सबाईंची प्रत बांधली, डागांसकट. एकही डाग कापला नाही. लाल कापडाचा कणा चढवला, रात्रभर निजवली आणि सकाळी उठवली. कपाटात थोरल्यांना जरा डावीकडे सरकवलं, रडव्यांना जरा उजवीकडे, आणि मध्ये जागा केली. सगळे जमले. वन्संनी कुलूप उघडलं, पुस्तक हातात घेतलं, आणि तेवढ्यात नर्सबाई म्हणाल्या, "म्हणजे आता हे कायमचं काचेत?"

"नियम आहे," मी अभिमानाने म्हणाले. "कपाटातलं पुस्तक घरी जात नाही."

"मग आजोबांना शेवट पुन्हा कोण वाचून दाखवणार? ते कालपासून वाट बघतायत."

मी वन्संकडे बघितलं. नियम म्हणजे त्यांचा श्वास, हे मी आधी सांगितलंच आहे. वन्संनी एकदा थोरल्यांकडे बघितलं, त्यांच्या त्या पांढऱ्याशुभ्र कडेकडे, आणि पुस्तक नर्सबाईंच्या हातात दिलं. मग खांद्यावरची टाचणी काढून रिकाम्या जागी एक चिठ्ठी टाचली: "वाचायला गेले आहे."

त्या गोष्टीला आता बरेच महिने झाले. चिठ्ठी तिथेच आहे. पुस्तक वॉर्डातून औषधाच्या दुकानात, तिथून पोस्टात, कुठून कुठे फिरतंय, कधीमधी फाटून माझ्याकडे येतं आणि शिवून झालं की दारात उभा असलेला कुणीतरी ते घेऊन जातो. कपाटात ते अजून एकदाही बसलेलं नाही. रोज सकाळी काच पुसताना मी मिशांकडे बघून म्हणते, "बसा तुम्ही आत. आमची बाहेर आहे."